साडेसातचं आवर्तन

श्यामसुंदरराव खांबेट्यांना 'आजोबा' म्हणण्याचा अधिकार या जगात कुणालाही नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी उत्कर्षा लग्नाचा विषय निघाला की लॅपटॉप उघडायची, त्यामुळे नातवंडाचा प्रश्नच नव्हता, आणि परस्पर कुणीतरी आजोबा म्हणावं हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. तरीही एका गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते आठ या अर्ध्या तासात टीव्हीतल्या एका तेलवाल्याने त्यांना नऊ वेळा विचारलं, "आजोबा, गुडघे दुखतात का?"

गुडघे दुखत होते, ही गोष्ट वेगळी. पण ते टीव्हीला कुणी सांगितलं? श्यामसुंदरराव गुडघ्यांविषयी फक्त मंगळवारी बोलले होते, तेही फोनवर, सख्ख्या बहिणीशी, आवाज खाली करून.

"छत्तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं निवडलीत," स्वयंपाकघरातून नीरजाबाई म्हणाल्या, "एवढं एक तेल निवडून बाजूला टाकता येत नाही?"

आता नीरजाबाई हे सहज बोलल्या की कसं, ते त्याच जाणोत. पण श्यामसुंदररावांनी तो लेखी आदेशच मानला. त्याला कारण होतं. नीरजाबाई कर्वेनगरातल्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दहापैकी दहा दिले की मूल बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी घरातही लागू केलं होतं. श्यामसुंदररावांनी गीझर दुरुस्त केला तेव्हा त्या म्हणाल्या, "चालेल." त्यांनी पंचविसाव्या वाढदिवसाला साडी आणली, लग्नाच्या हो, तेव्हाही "चालेल." इतकंच काय, कांदेपोह्यांच्या दिवशी पाहुणे गेल्यावर वडिलांनी मुलगा कसा वाटला विचारलं, तेव्हाही त्यांनी हाच शब्द वापरला होता. चौतीस वर्षांच्या संसारात 'छान' हा शब्द श्यामसुंदररावांच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तो एकदा तरी मिळावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. बाकी पेन्शन वेळेवर येत होती.

नीरजाबाईंची मालिका ॲपवर लागायची. ॲपवर ती केव्हाही बघता येते, पण साडेसातची मालिका साडेसातलाच बघायची, या शिस्तीत तडजोड नव्हती. मालिकेत तीन वेळा जाहिराती येत. पहिल्या जाहिरातीला नीरजाबाई उठून कुकर लावत, दुसरीला आमटी फोडणीला टाकत, तिसरीला विरजण लावून गॅस बंद करत. प्रत्येक वेळी परत येताना सोफ्याच्या हातावर टेकून काहीतरी सांगत. वानवडीच्या बहिणीच्या डोळ्याचा नंबर वाढला, तळमजल्यावरच्यांनी मांजर पाळलं, असलं काहीबाही. श्यामसुंदरराव तेलवाल्याकडे रागाने बघत "हं" म्हणत. मग मालिका पुन्हा सुरू होई आणि दोघं गप्प होत.

तर शुक्रवारी सकाळी श्यामसुंदररावांनी जाहिरातबंदीचं काम हाती घेतलं.

पहिला सल्ला दिला उत्कर्षाने, बाणेरहून, फोनवर. "बाबा, त्या ॲपचा प्रीमियम प्लॅन घ्या ना. जाहिराती येतच नाहीत."

"त्रास देऊ नये म्हणून पैसे द्यायचे?" श्यामसुंदरराव म्हणाले. "आमच्या वेळी याला वेगळं नाव होतं."

"मग राउटरवरच ॲड-ऑन टाका. अख्ख्या घराच्या ॲड्स ब्लॉक होतात. पण बाबा, प्लीज, तुम्ही स्वतः काही करू नका. मी पुढच्या शनिवारी येते."

शेवटची दोन वाक्यं श्यामसुंदररावांनी ऐकली नाहीत. त्यांनी इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उजळला. कारण ही सगळी भानगड म्हणजे चक्क टपाल होतं. प्रत्येक जाहिरात कुठल्यातरी पत्त्यावरून येते. राउटर हे आपलं पोस्ट ऑफिस. ॲड-ऑन म्हणजे तिथे बसवलेला सॉर्टर. त्याच्या हातात वाईट पत्त्यांची यादी द्यायची, की त्या पत्त्यांवरचं टपाल दारातूनच परत. हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं होतं, आणि एकही पत्र चुकीच्या पिशवीत गेलं नव्हतं. निदान तसं सिद्ध झालं नव्हतं.

फक्त इंटरनेट कंपनीने दिलेला डबा असलं काही घालून घेत नव्हता. दुसरा राउटर आणणं आलं. श्यामसुंदरराव बसने शनिवार पेठेत एका ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"जाहिराती बघायच्या नाहीत?"

"नाहीत."

"मग टीव्ही बंद ठेवायचा. त्याला बटण असतं."

दुकानदाराने खोका काउंटरवर ठेवला. "घेतलेला माल परत घेत नाही. समजावून सांगत नाही. तीन अँटेना आहेत, मोजून घ्या." श्यामसुंदररावांनी मोजून घेतल्या. तीन होत्या.

घरी येऊन त्यांनी नवा राउटर जोडला आणि इंटरनेट गेलं. कंपनीला फोन केला. अकरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली की जुना डबा बंद करून चालू करा. केला. मग म्हणाली की नवा डबा आमचा नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलता येणार नाही. श्यामसुंदरराव म्हणाले की मग जुन्याबद्दल बोला. ती म्हणाली की जुना तर तुम्हीच काढलात. दुसऱ्या मिनिटाला मोबाइलवर संदेश आला: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. खात्यात असताना श्यामसुंदररावांनीही लोकांना अशी पत्रं पाठवली होती. ती मिळाल्यावर कसं वाटतं, हे मात्र त्यांना आता कळलं.

शेवटी कुठली वायर कुठल्या भोकात जाते, हे त्यांनी आळीपाळीने सगळ्या भोकांत घालून शोधून काढलं. रविवारी दुपारी नव्या डब्याला जुनाच पासवर्ड दिला, ॲड-ऑन बसलं, नव्वद हजार वाईट पत्त्यांची यादी उतरली, आणि श्यामसुंदररावांनी दाढी करून स्वच्छ सदरा घातला.

साडेसात वाजले. मालिका सुरू झाली. सासूने सुनेला कपाटाची किल्ली मागितली. इथे नेहमी तेलवाला यायचा. तो आला नाही. सुनेने सरळ किल्ली दिली. मालिका जी धावत सुटली ती कुठे थांबलीच नाही. नीरजाबाई जागेवरून हलल्या नाहीत. श्यामसुंदरराव टीव्हीकडे बघतच नव्हते, ते नीरजाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. एकवीस मिनिटांत भाग संपला.

"संपलं?" नीरजाबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "कुकर लावायचा राहिला."

त्या दिवशी जेवायला सव्वानऊ झाले. छान तर नाहीच, 'चालेल'सुद्धा कुणी म्हणालं नाही.

श्यामसुंदररावांच्या मनाला हे लागलं. पण ते खचणारे नव्हते. अजून कुठेतरी जाहिरात शिल्लक असणार, म्हणून गुण कापले गेलेत, असं त्यांनी ठरवलं. घरातून दिवसभरात कुठल्या कुठल्या पत्त्यावर ये-जा झाली, याची नोंद राउटर ठेवत असे. सोमवारपासून श्यामसुंदरराव रोज सकाळी चहा घेऊन ती यादी वाचायला बसू लागले. ओळखीचा पत्ता दिसला की सोडायचा. नाव नीट कळलं नाही, नुसतीच अक्षरं आणि आकडे असले, की खात्याच्या भाषेत तो अपुरा पत्ता. अपुऱ्या पत्त्याचं टपाल खात्यात पुढे जात नाही. इथेही गेलं नाही.

मंगळवारी गॅसचं बुकिंग होईना. बुधवारी नीरजाबाईंची बहीण कौशल्या वानवडीहून आली आणि सोसायटीच्या फाटकावर अडकली. फाटकावरच्या वॉचमनने ॲपवरून विचारल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा ठराव होता, आणि ॲपचा पत्ता अपुरा निघाल्याने त्याचा निरोप वर पोचलाच नाही. फोन लावायचा तर कौशल्याबाईंचा फोन चार्जिंगला वानवडीलाच राहिला होता. त्या वीस मिनिटं उन्हात उभ्या राहून परत गेल्या आणि घरी पोचल्यावर त्यांनी नीरजाबाईंना फोन करून एवढंच सांगितलं, "बोलवायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं."

गुरुवारी खालच्या मजल्यावरचे उत्तरेश्वर जोगदंड वर आले. जोगदंड मूळचे बीडकडचे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. करोनात त्यांनी खांबेट्यांच्या वायफायचा पासवर्ड दोन दिवसांसाठी घेतला होता. ते दोन दिवस अजून चालू होते.

"खांबेटे साहेब, कालपासनं धरण दिसंना," ते म्हणाले.

"कुठलं धरण?"

"खडकवासला. रोज सकाळी पाण्याची पातळी बघितल्याबिगर मला चहा जात नाही. चार दिवस झाले तुमचं इंटरनेट काही धड नाही. लक्ष द्या जरा."

फुकट वापरणाऱ्याने आपल्याला लक्ष द्यायला सांगावं, हे श्यामसुंदररावांना झोंबलं. तरी त्यांनी राउटर दाखवला, यादी दाखवली, नव्वद हजार पत्ते आणि वर स्वतः शोधलेले दोनशे बारा. जोगदंडांनी सगळं शांतपणे बघितलं.

"अडवायला काय लागतंय," ते म्हणाले. "भिंत बांधली की अडलं. आमच्याकडं आधी विचारायचे, सोडणार कधी. कालव्याला आवर्तन असतंय. अमुक दिवस, अमुक तास पाणी सोडायचं, मग बंद. नुसतंच अडवत बसलं की धरण भरलेलं आणि खालचं शिवार वाळलेलं. तुमच्या आवर्तनाचं काय?"

"जाहिरातींना कसलं आलंय आवर्तन?"

"बघा बुवा. माझं धरण तेवढं सोडा."

श्यामसुंदररावांनी धरण सोडलं, पण सल्ला मनावर घेतला नाही. शनिवारी उत्कर्षा आली, लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत ओरडायच्या बेताला आली. "बाबा, ऑफिसचं लॉगिन ब्लॉक केलंय तुम्ही. माझा कॉल आहे अकराला."

"पत्ता संशयास्पद होता. कागदावर लिहून दे. पत्ता, आणि सोडवण्याचं कारण."

उत्कर्षाने बापाकडे बघितलं, कागद घेतला आणि लिहिलं, 'कारण: नोकरी.' श्यामसुंदररावांनी अर्ज मंजूर केला. जाताना ती आईला म्हणाली, "आई, तू कशी सहन करतेस गं?" नीरजाबाई नुसत्या हसल्या. हल्ली त्या फारशा बोलत नाहीत, हे तेव्हा श्यामसुंदररावांच्या लक्षात आलं, पण बाईमाणूस वयाप्रमाणे शांत होत असेल, असं समजून त्यांनी ते सोडून दिलं.

सोमवारी सकाळी भांडी घासणाऱ्या सोजरबाई काळंकुट्ट पातेलं घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. "साहेब, हे तिसरं पातेलं. आठ दिसांत तीन करपली. काकू बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत की. का?"

"न्हाई, आधी कधी असं व्हायचं न्हाई म्हून म्हनलं." आणि त्या घासायला गेल्या.

श्यामसुंदरराव राउटरचा नाद सोडून जरा अस्वस्थ झाले. त्याच अस्वस्थतेत संध्याकाळी पाय मोकळे करायला खाली उतरले, तर जोगदंड बाकावर बसले होते.

"मग, शनिवारी तुम्ही पुढच्या रांगेत असणार," जोगदंड म्हणाले.

"कसल्या रांगेत?"

"वहिनींच्या शाळेचा पन्नासावा वर्धापनदिन नाही का? जुन्या शिक्षकांतर्फे त्या एकट्याच बोलणारेत म्हणे. आमच्या मंडळीला सांगत होत्या जिन्यात."

श्यामसुंदररावांना यातलं काडीचं माहीत नव्हतं. शाळेला पन्नास वर्षं झाली हेही नाही. त्यांनी "हो, असणार की" असं म्हणून वेळ मारून नेली आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर आले. गुडघे दुखले. आपल्या बायकोची बातमी आपल्याला खालच्या बाकावर कळावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो काढायचा कुणावर ते ठरेना.

नीरजाबाई भाजी निवडत होत्या.

"शनिवारी तुझं भाषण आहे?"

"हो."

"मला बोलली नाहीस."

नीरजाबाईंनी मेथीची एक काडी मोडली. "सांगणार होते. दोनतीनदा उठलेसुद्धा. पण ते मध्ये थांबतच नाही ना हल्ली. मालिका संपते तेव्हा कुकर लावायची घाई, त्यात पातेली करपतात. मग जेवण, मग तुमची ती यादी. राहिलं ते राहिलंच."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर श्यामसुंदररावांना बरं वाटलं असतं, तक्रारीचं निवारण कसं करायचं ते त्यांना माहीत होतं. ते खोलीत येऊन राउटरसमोर बसले. त्याचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता.

खरं म्हणजे बोलायला अख्खा दिवस पडला होता. पण मुद्दाम समोरासमोर बसून बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. लग्न झालं तेव्हा रेडिओ होता, मग टीव्ही आला, मग हे ॲप, आणि या सगळ्या वर्षांत नीरजाबाईंना जे काही सांगायचं होतं ते त्यांनी जाहिरातींच्या वेळात, सोफ्याच्या हातावर टेकून सांगितलं होतं. आई गेली तेव्हा श्यामसुंदरराव महिनाभर गप्प होते. त्या महिन्यातही नीरजाबाई रोज तीन वेळा येऊन टेकल्या होत्या. आणि ते सगळं टपाल आपण आपल्या हाताने परत पाठवलं. छत्तीस वर्षांत न झालेली चूक आता निवृत्तीनंतर, घरात झाली. श्यामसुंदररावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मग त्यांना जोगदंडांचं बोलणं आठवलं. त्यांनी राउटरची सगळी पानं उलटली. एका कोपऱ्यात वेळापत्रकाची सोय होती. ती आपल्याला आधी दिसली नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही, कारण आधी ती त्यांना नको होती. दुसऱ्या दिवशी दुपारभर खटपट करून त्यांनी वेळ घातली. संध्याकाळी साडेसात ते आठ, दरवाजे पूर्ण उघडे. बाकी दिवसभर बंद.

साडेसातला मालिका सुरू झाली. सासूने कपाट उघडलं, आत हात घातला, आणि पडद्यावर तेलवाला आला.

"आजोबा, गुडघे दुखतात का?"

जिवलग पाहुणा यावा तसे श्यामसुंदरराव सावरून बसले. नीरजाबाईंनी क्षणभर पडद्याकडे बघितलं, क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या उठल्या. कुकर लागला. परत येताना सोफ्याच्या हातावर टेकल्या.

"विचारतोय ना तो? उत्तर द्या की."

"दुखतात," श्यामसुंदरराव पडद्याकडे बघून म्हणाले. नीरजाबाई हसल्या. मग मालिका सुरू झाली आणि दोघं गप्प झाले.

दुसऱ्या जाहिरातीत आमटी फोडणीला पडली आणि भाषणाची सुरुवात ऐकायला मिळाली. सुरुवात जरा लांबली होती. तसं श्यामसुंदरराव बोलले नाहीत. ते म्हणाले की शनिवारी निळा सदरा घालीन, इस्त्री करून ठेवलाय. "पुढच्या रांगेत बसू नका," नीरजाबाई म्हणाल्या, "तुम्ही बघत बसलात की मी आकडे चुकते." श्यामसुंदररावांनी आयुष्यात प्रथमच ऐकलेली बातमी होती ही. ती तेलाच्या जाहिरातीत निघाली.

तिसऱ्या जाहिरातीला विरजण लागलं. नीरजाबाई पदराला हात पुसत आल्या आणि टेकल्या.

"तुमचं ते यंत्र बिघडलंय का हो?"

"तसं थोडं बिघडलंय."

"दुपारी मोबाइलवर एकही जाहिरात नव्हती. सकाळी नव्हती. काल रात्रीही नव्हती." गणिताच्या बाईंचा आवाज लागला. "म्हणजे बरोब्बर साडेसातला बिघडलं."

श्यामसुंदरराव पकडले गेले होते. त्यांनी राउटरकडे बघितलं. त्याने काही मदत केली नाही.

"आठला परत नीट होईल," ते म्हणाले.

नीरजाबाईंनी पडद्याकडे बघितलं. तिथे कुणीतरी आनंदाने कपडे धूत होतं.

"छान बिघडवलंत," त्या म्हणाल्या.

श्यामसुंदररावांना नीट ऐकू आलं होतं. तरी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्यावी, असं त्यांना फार वाटलं. पण तेवढ्यात कपडे धुऊन झाले, मालिका सुरू झाली, आणि मालिका चालू असताना त्या घरात कुणी बोलत नसे. ही आजची शेवटची जाहिरात होती. त्यांनी उद्या साडेसातपर्यंत थांबायचं ठरवलं.